मैनेच्या वाटची डाळ

पारबताबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. सौसरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. दारात एक उंच, काळीसावळी बाई लगाम हातात धरून उभी होती. मी टेबलामागून उठून तिच्यापर्यंत गेलो. तेवढ्या चालण्यात तिनं मला तपासून घेतलं.

"भाऊ, डाव्या टाचीवर जोर देऊन राहिले तुमी. कंबर दुखते का?"

कंबर दुखत होती. पण पहिल्याच आठवड्यात एका घोडीवालीनं आपली तपासणी करावी हे मला रुचलं नाही. मी विचारलं, "जनावर कोणाचं आहे? दुखतं काय?"

"माझं हाय. काई दुखत नाय. नवीन डॉक्टर आला म्हणे, तं म्हटलं मैनाची भेट करून द्यावं."

मी डॉक्टर नाही. तेव्हाही नव्हतो, आताही नाही. डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस मी. लसी टोचतो, जखमा धुतो, गाई-म्हशींची रोजची कामं बघतो. सौसर, मोहगाव, रामाकोना या पट्ट्यात मला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. पारबताबाईंना मात्र त्या दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग बरं हाय. डॉक्टर ऐकत नाय कोनाचं."

आमच्याकडे घोडे फार नाहीत. जे आहेत ते लग्नाचे. पांढरी घोडी, तिच्यावर आरशांची झूल, डोक्याला तुरा, वर घामाघूम नवरदेव. पारबताबाईंची मैना तशी पांढरी होती, पण नाकाशी गुलाबी आणि डोळे काळेभोर. लगीनसराईत सौसर ते पांढुर्णा या सगळ्या भागातून तिला बोलावणी यायची. घोडीबरोबर बाई चालते याचं पहिल्यांदा लोकांना हसू यायचं. नंतर त्यांच्याशिवाय वरात निघेना.

त्यांचे यजमान शालिकराव छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीच्या वेळेला स्टेशनवर टांगा लावायचे. टांगे गेले, शालिकरावही गेले. बादल नावाचा त्यांचा घोडा त्याआधीच गेला होता, आणि तो कसा गेला ते पारबताबाईंनी मला पहिल्या उन्हाळ्यातच सांगून टाकलं. बादलच्या पुढच्या पायाची मागची नस भरधाव धावताना ताणली गेली. घोट्याच्या वर, मागच्या बाजूला सूज आली, धनुष्यासारखी. अशा पायाला गार पाणी, पट्टी आणि कित्येक महिन्यांचा आराम, एवढंच औषध आहे. आराम द्यायचा तर टांगा उभा. शालिकरावांनी मोहगावच्या एका माणसाला बोलावलं. त्यानं लोखंड तापवून पायाला डाग दिले.

"सूज उतरली ना जी," पारबताबाई म्हणाल्या, "उतरणारच. कातडं जळलं, आत गोळा झालं. नस तं फाटलेलीच राहिली. मंग यायनं त्याले इकून टाकलं. मी गेली होती एकडाव पाहाले, रामाकोन्याच्या भट्टीवर. इटा ओढत होता. मले पायलं तं लंगडत आला जवळ. मी हात नाय लावला. लावला असता तं सोडून नसतं येता आलं."

त्या दिवसापासून पारबताबाईंनी घोड्याच्या पायाला विस्तव दाखवू दिला नाही. आणि रोज संध्याकाळी, वरात असो नसो, मैनेचे चारी पाय हातानं बघायचं ठरवलं. खाली बसायचं, गुडघ्यापासून हात फिरवत खुरापर्यंत यायचं. हात उलटा. बोटांची मागची बाजू.

"तळहात झूट बोलते, भाऊ. दिवसभर राबून त्याची चामडी मरून जाते. लेकराचा ताप पाहाले आपुन उलटाच हात लावतो ना?"

एकेका पायाशी त्या मोठ्यानं सांगायच्या, "हा थंडा. हाबी थंडा." चौथा पाय सांगून झाला की मैनेच्या पोटावर एक थाप मारून उठायच्या. मग चहा. त्यांच्या घरावरून जाताना हे शब्द कानावर आले की मला उगाच बरं वाटायचं. आपल्या तालुक्यात काहीतरी ठीक चाललं आहे, असं.

वरातीच्या दिवशी दुपारी त्या एकट्या सगळा रस्ता चालून यायच्या. काच, खिळे, गिट्टी पायानं बाजूला सारत. सिमेंटचा रस्ता लागला की मांडववाल्याशी भांडायच्या, तिथं मैना नाचणार नाही म्हणून. एकदा पांढुर्ण्याच्या बाजारचौकात नवरदेवाच्या मेहुण्यानं घोडीच्या पायाशी फटाक्यांची लड सोडली. मैना उधळली नाही, पण एका पायावर वेडीवाकडी उतरली. पारबताबाईंनी लगाम एका हातात ठेवून दुसऱ्या हातानं मेहुण्याच्या कानाखाली वाजवली. डीजे बंद पडला. नवरदेवाचे वडील धावत आले.

"ओ बाई! घोडी तुमची हाय का नवरदेव तुमचा?"

"जोवर वर बसला हाय तोवर दोघंबी माझेच," पारबताबाई म्हणाल्या. "उतरवू का खाली? पायी नेता का मांडवात?"

वर बसलेला नवरदेवच आधी हसला. मग सगळी वरात हसली. मेहुणा गाल चोळत हसला. डीजे पुन्हा सुरू झाला, पण त्या वरातीत पुन्हा कुणी लड लावली नाही.

अशी ही बाई. एवढं सांगितल्यावर वाटेल की तिला कुणाला नाही म्हणणं कठीण नव्हतं. होतं. एका बाबतीत होतं, आणि मला जे लिहायचं आहे ते त्याबद्दल आहे.

आमच्याकडे वरात निघण्याआधी नवरदेवाच्या बहिणी आणि आत्या घोडीला ओवाळतात. कपाळाला कुंकू लावतात आणि ताटातली भिजवलेली चण्याची डाळ गुळाबरोबर आपल्या हातानं तिला भरवतात. एक बहीण झाली की दुसरी, मग चुलत, मग मावस, मग शेजारच्या. कुणाला मागे राहायचं नसतं, आणि आता तर प्रत्येकीला फोटो हवा असतो. घोडी जितकी खाईल तितकं शुभ. सराईच्या ऐन दिवसांत मैना एका दिवसात दोन-तीन दारांवर उभी राहायची. प्रत्येक दारात ताटंच्या ताटं.

डाळ भरवताना पारबताबाई एरवीपेक्षा ताठ उभ्या राहायच्या. मैनेच्या डाव्या खांद्याशी, डोक्यावर पदर, नजर समोर. मोहगावच्या एका मोठ्या घरच्या लग्नात मी पाहुणा होतो. घरच्या मालकीणबाई, वयस्कर, नाकात नथ, मैनेसमोर ताट घेऊन वाकल्या होत्या. मैनेच्या लाळेनं त्यांचा हात भरला, जरीचा काठ भरला. त्या हसत होत्या. मी पारबताबाईंकडे बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर काढून घेतली.

परतताना त्यांनीच सांगितलं. "या घरी माझी माय काम करे, भाऊ. वावरात. लग्न-कार्य झालं का मागच्या दारी उभी राहे. उरलंसुरलं वरून टाकत. ती पदर पसरे. खाली पडलं ते मी येचू, लहान होती. आमी बुद्धाचे झालो, बाबासायबानं सांगतलं मागून खायाचं नाय, तवापासून मायनं पदर नाय पसरला. मरेपर्यंत नाय." थोडं चालून त्या म्हणाल्या, "त्याच घरची सून आज माझ्या मैनापुढं वाकून राहिली. हातानं चारून राहिली. मायनं पाहाले पायजे होतं."

मीही तशाच एका घरचा आहे. आमच्या घरी पारबताबाईंचा उल्लेख कधी नावानं झाला नाही. 'घोडीवाली' असाच व्हायचा. मीच घरी गेलो की तसं म्हणायचो.

मग एका वैशाखात त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "मैना चालून नाय राहिली."

गेलो तर मैना अंगणात विचित्र उभी होती. पुढचे दोन्ही पाय समोर ताणलेले, सगळं वजन मागे घेतलेलं, जणू तापल्या तव्यावरून मागे सरकू बघते आहे. एक पाय उचलायची, ठेवायची, दुसरा उचलायची. घाम सुटलेला.

"खांद्यात भरलं तिच्या," पारबताबाई म्हणाल्या. "नस पायली मी. नस बरोबर हाय. सूज नाय, काई नाय. खांदाच हाय."

मी खाली बसलो आणि त्यांच्यासारखाच उलटा हात खुरावर ठेवला. तव्यासारखं खूर. घोट्याच्या मागे बोट ठेवलं तर रक्ताची नाडी टणटण उडत होती. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते.

"बाई, खांदा नाही. खुराच्या आत सुजलं आहे. डाळीनं."

"दाळीनं?"

मी माझं नख दाखवलं. खूर म्हणजे घोड्याचं नखच. त्याच्या आत हाड असतं आणि ते हाड बारीक पापुद्र्यांनी नखाला टांगलेलं असतं. सगळा घोडा त्या पापुद्र्यांवर लटकलेला. एका दमात एवढी डाळ-गूळ पोटात गेली की पोट आंबतं, त्याचं विष रक्तात जातं आणि ते पापुद्रे सुजतात. आत सुजायला जागा नाही, कारण बाहेर टणक नख. फार झालं की पापुद्रे सुटतात आणि हाड खाली घसरतं. एकदा घसरलं की मग कुणाच्या हातात काही राहत नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पोटातलं खुरात कसं जाईन जी? मधात एवढा पाय हाय. पायाले काई नाय झालं आन् खुराले झालं?" मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली ती मला बरं वाटावं म्हणून. पायाविषयी त्यांना इतकं माहीत होतं की जे पायातून येत नाही ते त्यांना पटेना.

पण सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. खुरांच्या नाला काढल्या. नाला काढताना गल्लीतली एक बाई आली, दाराला लावायला एक मागायला. "घोडीची नाल लाभते म्हणे." पारबताबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "जिची होती तिले नाय लाभली. तुले काय लाभंन?" कन्हान नदीच्या रेतीची पोती आणून अंगणात जाड थर टाकला, त्यावर पाणी. मैना त्या गार रेतीत उभी राहायची. दाणा बंद, नुसता वाळका चारा. दुखणं कमी करायची इंजेक्शनं मी द्यायचो. आमचे डॉक्टर येऊन गेले, तेही तेच म्हणाले. हळूहळू ती वजन पुढे टाकू लागली. पावसाळ्याच्या तोंडाशी पारबताबाईंचा आवाज पुन्हा कानावर आला, "हा थंडा. हाबी थंडा."

मी त्यांना बजावलं. अशी खुरं एकदा सुजली की दुसऱ्यांदा थोड्याशा डाळीनंही सुजतात. आणि दुसऱ्यांदा वाचत नाहीत.

"मंग काय करू? येवढ्या बाया ताट घेऊन येतेत. घोडीचं तोंड फिरवू?"

तेव्हा मी एक उपाय सांगितला. फार विचार न करता. म्हणालो, "ओच्यात घ्या ना. पिशवीत, नाहीतर पदरात. सांगा, मैना घरी जाऊन खाईल. कुणाचं मन मोडणार नाही."

पारबताबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी मागे न वळता लाकूड आत सारलं.

"माझ्या मैनाले चारतेत तं तो मान हाय, भाऊ. मी पदर पसरला का ते मागणं झालं. माझी माय पसरे. मी नाय पसरत."

मोहगावहून परततानाचं सगळं बोलणं मी ऐकलं होतं आणि तरी हे सुचवलं होतं. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. उलट त्यांनीच वाट काढली.

"असं करा. देणाऱ्यानं हात आखडला तं कोनाचीच इज्जत जात नाय. तुमी मोठ्या घरचे. पुढच्या साली तुमच्या पुतण्याचं लगन हाय म्हणे. तुमच्याकडून सुरू करा. कुंकू लावा, ओवाळा, दाळ नको. तुमचं पाहून चार घरं करतीन."

मी हो म्हणालो. हे सांगताना मला आजही तो शब्द तोंडात जड वाटतो, कारण मी तो मनापासून उच्चारला होता.

त्या मधल्या वर्षात त्यांनी मैनेला कमी दारांवर नेलं. जिथं नेलं तिथं हसत-खेळत, चिमटे काढत डाळीची ताटं मागे सारली. "बाई, नवरदेवाचं वजन पाहून घोडीनं जेवण सोडलं हाय." बायका हसायच्या, एखादी मूठ तरी द्यायच्याच. मैना निभावून नेत होती.

पुतण्याचं लग्न पांढुर्ण्याला. सकाळीच मी ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. खूर, पापुद्रे, हाड. ती म्हणाली, "बरं बरं, तू म्हणतोस तर." दारात मैना आली तेव्हा नव्या झुलीत इतकी देखणी दिसत होती की पाहुण्यांनी मोबाईल काढले. पारबताबाईंनी मला लांबूनच मान डोलावली.

ताईनं ओवाळलं. कुंकू लावलं. मग कुणीतरी मागून तिच्या हातात डाळीचं ताट दिलं. कॅमेरावाला म्हणाला, "आत्याबाई, घोडीकडे बघून." ताईनं माझ्याकडे पाहिलं. "एक मूठ, शकुनाची." एक मूठ झाली. मग वहिनी. मग तिच्या बहिणी. प्रत्येकीचं ताट वेगळं. मी पुढे झालो, म्हणालो, "पुरे आता, तिला चालत नाही." माझा भाऊ नवरदेवाच्या फेट्याचा शेमला नीट करत होता. तो तिथूनच म्हणाला, "अरे, आजच्या दिवस तरी डॉक्टर नको होऊस. घोडी आहे, गाभण गाय नाही."

सगळे हसले.

मीही हसलो. मला वाटलं होतं की हसून झाल्यावर पुन्हा सांगता येईल. पण हसल्यानंतर सांगण्यासारखं काही उरत नाही. पारबताबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग नेहमीसारखं डोक्यावर पदर, नजर समोर. मैना खात राहिली. तिला काय, डाळ-गूळ गोड लागत होता.

घोडीवालीही थांबवू शकली असती, असं माझी ताई नंतर म्हणाली. घोडी तिची होती. खरं आहे. मी ताईला काही समजावत बसलो नाही. समजावायला हवं होतं का, तेही आता कळत नाही.

लग्नानंतर लगेच मैना आडवी झाली. उठवली तर थरथरत उभी राहायची आणि पुन्हा बसायची. रेतीचा थर, पाणी, इंजेक्शनं, सगळं पुन्हा केलं. पारबताबाई माझ्या प्रत्येक शब्दाप्रमाणे वागत होत्या. त्यानं काही होणार नव्हतं, हे आमच्या दोघांपैकी फक्त मला माहीत होतं, आणि मी ते बोलत नव्हतो. एका सकाळी डॉक्टरांनी मैनेचा पाय उचलून तळ दाखवला. तळ आत खोलगट असायचा तो बाहेर फुगला होता आणि पुढच्या टोकाशी चंद्रकोरीसारखी चीर पडली होती. आतलं हाड तिथपर्यंत आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, आता हिला त्रास देण्यात अर्थ नाही."

पारबताबाईंनी त्या चिरेकडे बघितलं. आयुष्यभर पाय बघणाऱ्या बाईला आता कुणी काही समजवायची गरज नव्हती. "खरंच खुरात उतरलं," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता तरी त्या मला बोलतील. एखादी शिवी, एखादा टोमणा, मेहुण्याला दिली तशी एखादी थप्पड. त्यांनी मला फक्त विचारलं, "पाण्याची बादली तिकडे सरकवता का, भाऊ?"

मैनेचं डोकं मांडीवर घेऊन त्या रेतीत बसल्या. डॉक्टरांनी सुई दिली. मी औषधाची बाटली धरली होती. फार वेळ लागला नाही. सगळं शांत झाल्यावर पारबताबाई उठल्या, मैनेच्या पायांशी गेल्या, सवयीनं खाली बसल्या आणि उलटा हात एकेका खुरावर ठेवत गेल्या. मोठ्यानं काही म्हणाल्या नाहीत. चारी पाय झाल्यावर माझ्याकडे वळून बोलल्या.

"आता थंडे होऊन राहिले."

पोटावर थाप मारायला त्यांचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला.

मग त्या घर बंद करून पांढुर्ण्याला लेकीकडे गेल्या. संत्र्याच्या मोसमात मंडीत फळ निवडायच्या कामावर जातात, असं कळत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत मी भेटायला गेलो नाही. तिगावला, पांढुर्ण्याला कामानं जाणं व्हायचं. मंडीच्या बाजूनं गाडी नेली की मी वेग वाढवायचो. आमच्या घरात त्यानंतर अजून एक लग्न झालं. घोडी बाहेरची आणली होती. डाळीची ताटं होती. मी त्या वेळी जेवणावळीकडे काहीतरी काम काढून निघून गेलो.

शेवटचं त्यांना पाहिलं ते या उन्हाळ्यात. पांढुर्ण्यात एका ओळखीच्याकडे लग्न होतं. वरात निघायची होती, संध्याकाळचं ऊन अजून भिंतींवर होतं. छिंदवाड्याकडून आणलेली एक उमदी पांढरी घोडी दारात उभी होती, तिच्याबरोबर मिशीवाला एक माणूस, कानाला फोन. डीजेच्या आवाजानं छाती हादरत होती. मला गर्दीत एक उंच बाई दिसली, पाठ थोडी वाकलेली. मंडीतून सरळ आली असावी. लुगड्यावर संत्र्याच्या रसाचे डाग होते. ती गर्दी सारत पुढे आली आणि कुणाला न विचारता घोडीच्या पुढच्या पायाशी बसली. उलटा हात खुरावर ठेवला. मग दुसऱ्या खुरावर.

तिनं वर बघून मिशीवाल्याला काहीतरी सांगितलं. ओठ हलले, पण शब्द डीजेत बुडाले. त्यानं फोन कानाचा न काढता तिला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "ए बाई, सरक, फोटोत येऊन राहिली." घोडीनं एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला. ते मला तेवढ्या लांबूनही दिसलं.

नवरदेवाची बहीण ताट घेऊन पुढे आली. पिवळी भिजलेली डाळ, वर गुळाचे खडे, काठोकाठ. तिच्या मागे आणखी बायका, आणखी ताटं.

पारबताबाई उठल्या. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहिल्या, जिथं त्या नेहमी उभ्या राहायच्या. त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर काढला. त्याची दोन टोकं दोन हातांत धरली आणि ताटाच्या खाली, घोडीच्या तोंडाच्या आड, पूर्ण पसरली.

"मले द्या वो बाई," त्या म्हणाल्या. गाणं बदलत होतं, त्या मधल्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं. "घोडीले नका देऊ. सगळं मले द्या."

मी पुढे व्हायला लागलो. मध्ये माणसं होती.

बहिणीला थोडं अवघडल्यासारखं झालं. शुभ वेळ होती, दारात आलेल्या मागणारीला रिकामं पाठवायचं नसतं. तिनं ताटातली एक मूठ डाळ पारबताबाईंच्या पदरात टाकली आणि हसून बाकीचं ताट घोडीच्या तोंडाशी धरलं.